बंद-चालूचं बटण नसलेली पेटी

डेट्रॉइटच्या पश्चिमेला, मिशिगनमधल्या यप्सिलांटी गावाजवळ विलो रन नावाचा अवाढव्य कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीने तो बी-24 बॉम्बफेकी विमानांसाठी उभारला होता. काम ऐन भरात असताना तिथून साधारण तासाला एक विमान बाहेर पडत असे. पुढे 1953च्या ऑगस्टमध्ये जनरल मोटर्सचा लिव्होनिया इथला गिअरबॉक्सचा कारखाना आगीत खाक झाला. मोटारी तयार, पण त्यात बसवायला गिअरबॉक्स नाहीत, अशी कंपनीची अडचण झाली. तेव्हा तिने घाईघाईने विलो रन ताब्यात घेतला आणि आपला हायड्रामॅटिक विभाग तिथे हलवला. आज जगातल्या जवळपास प्रत्येक कारखान्यात भिंतीवरच्या पॅनेलमध्ये पीएलसी (प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर) नावाची एक पेटी बसलेली असते. त्या पेटीची पहिली मागणी याच विभागातून आली.

हायड्रामॅटिक म्हणजे आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा. तिचे सुटे भाग बनवायला कारखान्यात यंत्रांच्या लांबच लांब रांगा होत्या. एका टोकाला ओतीव लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा आत जाई. एका ठिकाणी त्याला भोक पडे, पुढच्या ठिकाणी आटे पडत, त्याच्या पुढे पृष्ठभाग घासला जाई. तुकडा नीट पकडला गेल्याशिवाय ड्रिल खाली येता कामा नये, आणि ड्रिल पूर्ण वर गेल्याशिवाय तुकडा पुढे सरकता कामा नये. हा सगळा क्रम सांभाळायचं काम रिले करत.

रिले हे तसं साधं उपकरण. एका कॉइलमध्ये वीज सोडली की तिचं चुंबक होतं, ते लोखंडाची पट्टी ओढतं आणि एखादा कॉन्टॅक्ट मिटतो किंवा उघडतो. तारयंत्राच्या काळापासून माणसाला हे माहीत होतं. दोन कॉन्टॅक्ट एकापुढे एक जोडले तर दोन्ही मिटल्याशिवाय वीज पुढे जात नाही. शेजारी शेजारी जोडले तर कुठलाही एक मिटला तरी भागतं. ‘हे आणि ते’, ‘हे किंवा ते’ अशी तर्काची भाषा तारांमधून लिहिता येते, हे इलेक्ट्रिशियन अनुभवाने जाणून होते. एमआयटीत शिकणाऱ्या क्लॉड शॅनन यांनी 1937 साली आपल्या प्रबंधात ते गणिताने दाखवून दिलं. रिलेंची जोडणी आणि जॉर्ज बूल यांचं तर्काचं बीजगणित ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, असं त्यांनी मांडलं. संगणकशास्त्राचा हा एक पाया मानला जातो. मात्र त्यानंतरची तीस वर्षं कारखान्यांमध्ये हा तर्क तांब्याच्या तारांमध्येच अडकून राहिला.

मोठ्या यंत्ररांगेच्या पॅनेलमध्ये शेकड्यांनी रिले असत. उघडताना आणि मिटताना प्रत्येक कॉन्टॅक्टवर बारीक ठिणगी उडते, धातू जळतो, काजळी धरते. दर पाच सेकंदांना एकदा काम करणारा रिले दिवसरात्र चालला, तर वर्षाच्या 300 दिवसांत त्याची 50 लाखांवर आवर्तनं होतात. इतक्या रिलेंमधला एखादा दगा देणार, हे गृहीतच धरलेलं असे. खरा वेळ दुरुस्तीपेक्षा शोधाशोधीत जाई. लाइन थांबलेली, सुपरवायझर मागे उभा, आणि इलेक्ट्रिशियन हातात नकाशाचा गठ्ठा घेऊन एकेक टर्मिनल तपासतो आहे, असं ते दृश्य. त्यात तो नकाशा खरा असेलच याचीही खात्री नसे. मागच्या पाळीत कुणीतरी एक तार इकडची तिकडे लावून काम भागवलेलं असे आणि त्याची नोंद कुठेच नसे.

अमेरिकेत मोटारींची मॉडेलं दरवर्षी बदलण्याची रीत होती. मॉडेल बदललं की यंत्रांचा क्रम बदले, आणि क्रम बदलला की पॅनेलच्या तारा उसकटून नव्याने जोडाव्या लागत. पुष्कळदा जुनं पॅनेल भंगारात टाकून नवं बांधणं स्वस्त पडे. उत्तम चालणारी सामग्री केवळ तारांची मांडणी बदलायची म्हणून फेकून द्यायची, हे हायड्रामॅटिकच्या अभियंत्यांना खुपत होतं.

1968 साली या विभागाने एका ‘प्रमाणित यंत्र-नियंत्रका’ची मागणी लेखी मांडली. बिल स्टोन आणि डेव्ह एमेट या तिथल्या अभियंत्यांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत. त्या अटी आज वाचल्या तरी त्यामागे कारखान्यात घासलेली माणसं आहेत हे कळतं. नियंत्रकाचा कार्यक्रम सहज लिहिता आला पाहिजे आणि तो कारखान्यातच, शक्यतो यंत्रापाशीच, बदलता आला पाहिजे. भाग बिघडला तर तो उपटून दुसरा खोचता आला पाहिजे. रिलेच्या पॅनेलपेक्षा तो लहान, जास्त भरवशाचा आणि किमतीत त्याच्या तोडीचा असावा. अमेरिकेतली 115 व्होल्टची वीज त्याने थेट आत घ्यावी आणि किमान 2 अँपिअरचा भार थेट सांभाळावा, म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह किंवा विजेच्या मोटारीचा स्टार्टर चालवायला मध्ये आणखी काही लागू नये. स्मृती वाढवून निदान 4,000 शब्दांपर्यंत नेता यावी. या सगळ्यांत ‘कार्यक्रम जागेवर बदलता यावा’ ही अट सर्वांत महत्त्वाची होती. पीएलसीचा पुढचा सगळा इतिहास, त्यातला चांगला भाग आणि वाईटही, तिच्यातून निघालेला आहे.

इकडे मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोशिएट्स या लहानशा सल्लागार कंपनीत रिचर्ड मॉर्ली वेगळ्याच कारणाने त्रासले होते. मॉर्ली एमआयटीत भौतिकशास्त्र शिकले होते, पण पदवी न घेताच बाहेर पडले होते. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना ते लहान संगणकांवर आधारलेल्या नियंत्रण यंत्रणा करून देत. प्रत्येक गिऱ्हाईक वेगळं असलं तरी काम शेवटी तेच ते, आणि दर वेळी सगळं मुळापासून लिहायचं. 1 जानेवारी 1968 रोजी, आदल्या रात्रीच्या मेजवानीने जड झालेलं डोकं घेऊन त्यांनी एक टिपण लिहिलं, असं ते स्वतः पुढे सांगत. ही कटकट कायमची मिटवणारं एक सर्वसाधारण यंत्र कसं असावं, याचा तो आराखडा होता. यंत्र मजबूत असावं. एक काम अर्ध्यात सोडून दुसऱ्याकडे धावण्याची संगणकी सवय त्याला नसावी. बाहेरच्या प्रत्येक स्विचची स्थिती थेट त्याच्या स्मृतीत उमटावी. वेग मात्र त्यांना तेव्हा फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता. तो अंदाज चुकला आणि पुढे तर्क सोडवण्यासाठी वेगळं सर्किट घालावं लागलं.

टिपण आणि मागणी यांची गाठ त्याच वर्षी पडली. हे यंत्र बनवायला मॉडिकॉन नावाची कंपनी निघाली आणि यंत्राला 084 हा क्रमांक मिळाला, कारण बेडफर्ड असोशिएट्सचं ते 84वं काम होतं. 1969 साली पहिली यंत्रं गिऱ्हाइकांकडे पोचली.

स्पर्धेत नावाजलेली मंडळी होती. मेनार्ड गावातल्या लोकरीच्या जुन्या गिरणीत थाटलेली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही त्या काळी लहान संगणकांची आघाडीची कंपनी. तिचा पीडीपी-8 प्रयोगशाळांमध्ये गाजत होता. तिने पीडीपी-14 पुढे केला. संगणक म्हणून तो विचारपूर्वक बनवलेला होता, पण त्याचा कार्यक्रम तारा ओवून तयार केलेल्या कायमच्या स्मृतीत असे. क्रम बदलायचा तर कंपनीच्या कारखान्यातून नवी ओवणी करून आणायची. ज्या त्रासातून सुटायला नियंत्रक हवा होता, तोच त्रास इथे पत्ता बदलून शिल्लक राहत होता. शिवाय तो कार्यक्रम बीजगणिताच्या समीकरणांतून घडे. समीकरण चुकलं तर रात्रपाळीतल्या माणसाने पाहायचं कुठे, याला उत्तर नव्हतं.

मिलवॉकीची ॲलन-ब्रॅडली तर स्वतः रिले विकणारी कंपनी. रिलेची गरज संपवणारं यंत्र बनवणं म्हणजे आपल्याच धंद्याच्या मुळावर येणं. तरी ती उतरली, याचं श्रेय तिला दिलं पाहिजे. तिने ॲन आर्बरची एक लहान कंपनी विकत घेतली. तिच्याकडून आलेला पीडीक्यू-2 हा नियंत्रक आकाराने मोठा आणि वापरायला किचकट निघाला. दुसरा प्रयत्नही पुरता साधला नाही. तिसऱ्या खेपेला, 1971च्या सुमारास, ओडो स्ट्रुगर आणि अर्न्स्ट डमरमुथ यांनी बुलेटिन 1774 उभा केला, आणि तो चालला. ऑस्ट्रियातून आलेले स्ट्रुगर 1958 पासून तिथे काम करत होते. पीएलसी हे नाव रूढ केलं ते त्यांनीच, असं मानतात. पीएलसीचा जनक कोण, मॉर्ली की स्ट्रुगर, हा वाद अमेरिकेतल्या जाणकारांत अजून निघतो. पहिलं यशस्वी यंत्र मॉर्लींच्या चमूचं होतं, एवढं मात्र नक्की. आणि मागणी इतक्या नेमकेपणाने लिहिणाऱ्या हायड्रामॅटिकच्या अभियंत्यांना या वादात कुणी फारसं आठवत नाही, याचं वाईट वाटतं.

084 दिसायला ओबडधोबड होता. त्याला पंखा नव्हता, कारण बाहेरची हवा आत शिरली की तिच्याबरोबर तेलाचा धूर आणि लोखंडाचा बारीक कीस येणार. आतली उष्णता पेटीच्या धातूतूनच बाहेर पडे. बंद-चालूचं बटणही नव्हतं. कारखाना चालू आहे तोवर पेटी चालू, ही त्यामागची धारणा. तिची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती, त्यामुळे वीज गेली तरी कार्यक्रम पुसला जात नसे. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर 1971च्या अखेरीस बाजारात आला. 084 त्याच्या दोन वर्षं आधीचा. त्या काळात संगणक म्हटलं की थंडगार खोली आणि त्याच्या दिमतीला शिकलेली माणसं, असं समीकरण होतं. ही पेटी वातानुकूलन न मागता ग्राइंडरच्या शेजारी उभी राहिली. मॉडिकॉनने तिला संगणक म्हणायचं मुद्दाम टाळलं.

पण निर्णायक ठरली ती तिची भाषा. लॅडर डायग्राम ही गोष्ट मॉर्लींच्या मूळ टिपणात नव्हती, काही महिन्यांनी आली. रिले पॅनेलचा नकाशा काढायची इलेक्ट्रिशियनची पद्धत आधीपासून ठरलेली होती. दोन उभ्या रेघा म्हणजे विजेच्या दोन बाजू. त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघा. प्रत्येक पायरीवर डावीकडे कॉन्टॅक्ट, उजव्या टोकाला कॉइल. मॉडिकॉनने हाच नकाशा प्रोग्रामिंगची भाषा म्हणून उचलला.

आपल्याकडच्या आयटीआयतला विद्यार्थी पीएलसीवर आजही जी पहिली पायरी लिहितो, ती स्टार्ट-स्टॉपची. डावीकडे स्टॉपचा कॉन्टॅक्ट, त्याच्यापुढे स्टार्टचा, शेवटी मोटारीची कॉइल. स्टार्टचं बटण दाबलं की मोटार सुरू होते, पण बोट उचललं की थांबेल. म्हणून स्टार्टच्या खाली, त्याला समांतर, मोटारीच्या कॉइलचाच एक कॉन्टॅक्ट जोडायचा. मोटार एकदा सुरू झाली की ती स्वतःच स्वतःला धरून ठेवते. कारखान्यात याला होल्डिंग म्हणतात. स्टॉप दाबला की साखळी तुटते, मोटार थांबते, आणि पुन्हा स्टार्ट दाबेपर्यंत ती आपणहून सुरू होत नाही. वीज जाऊन परत आली तरीही नाही, आणि यंत्रात हात घातलेल्या माणसाच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे. कॉन्टॅक्टरच्या तारांनी हे सर्किट बांधलेल्या वायरमनला पडद्यावरची पायरी दाखवली, तर त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. ती त्याचीच आहे. चालू यंत्रात कुठला कॉन्टॅक्ट मिटलेला आहे आणि कुठला उघडा, हे प्रोग्रामिंगच्या यंत्रावर पाहता येऊ लागलं, आणि टेस्टर घेऊन तासन् तास चालणारी शोधाशोध आटोपशीर झाली. कारखान्याने संगणकाची भाषा शिकावी असा आग्रह न धरता संगणकालाच कारखान्याची भाषा शिकवली, यातच या शोधाचं मोठेपण आहे असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. पीडीपी-14 मागे पडण्याचं कारणही तेच.

पेटीच्या आत मात्र त्या नकाशातलं काहीच नसतं. तिथे एक फेरी अखंड चालते, तिला स्कॅन म्हणतात. आधी सगळ्या स्विचांची आणि सेन्सरांची स्थिती एकदम टिपून घ्यायची. मग पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत तर्क सोडवायचा. मग निघालेली उत्तरं एकदम बाहेर पाठवायची, की पुन्हा पहिल्यापासून. आज ही फेरी काही मिलिसेकंदांत पुरी होते. फेरी ठरल्या वेळेत पुरी झाली नाही, तर आतलं एक घड्याळ पीएलसीला दोषी ठरवून आउटपुट बंद करतं. रिलेच्या पॅनेलमध्ये सगळे रिले एकाच वेळी जागे असत. इथे पायऱ्या एकामागून एक सोडवल्या जातात, त्यामुळे पायऱ्यांचा क्रम चुकवला तर यंत्र भलतंच वागू शकतं. नवशिक्यांची पहिली फसगत बहुधा इथेच होते.

मॉडिकॉनला धंद्यात खरं यश 1973 साली मिळालं, 184 या नमुन्याने. तो मायकेल ग्रीनबर्ग यांनी आखला होता. त्याच वर्षी जर्मनीत सीमेन्सचा सिमॅटिक एस-3 आला आणि 1979 मध्ये एस-5. जपानमध्ये मित्सुबिशी आणि ओमरॉन उतरल्या. मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाले तशी पेटी आकसत गेली आणि मोटारीच्या कारखान्यातून दूध डेअरी, साखर कारखाना, पाणीपुरवठा, लिफ्ट असं सगळीकडे पसरली. प्रत्येक कंपनीची बोली वेगळी होऊ लागली, म्हणून 1993 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. त्यात पाच भाषांना मान्यता मिळाली आणि लॅडर त्यांतली एक होती.

भोसरी, चाकण, सातपूर किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत आज हिंडलं, तर एकाच शेडमध्ये जर्मन, जपानी, अमेरिकी आणि तैवानी पीएलसी शेजारी शेजारी दिसतात. पुण्याच्या मेसुंग सिस्टिम्सने देशी बनावटीचेही बाजारात आणले. या भागात पॅनेल बांधणाऱ्या लहान लहान वर्कशॉपांची एक वेगळी दुनिया आहे. तिथे डिप्लोमा झालेली मुलं दिवसा वायरिंगला फेरूल घालतात आणि साइटवर गेल्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन लॅडर दुरुस्त करतात. हायड्रामॅटिकने मागितलेला ‘जागेवर बदल’ तो हाच.

1979 मध्ये मॉडिकॉनने आपले नियंत्रक एकमेकांशी बोलावेत म्हणून मॉडबस नावाची पद्धत काढली आणि तिचा तपशील खुला ठेवला. म्हणून ती जगभर पसरली. सोसायटीच्या गच्चीवरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर आणि कारखान्यातलं विजेचं मीटर अजूनही बहुधा याच पद्धतीने बोलतात. मात्र मूळ मॉडबसमध्ये समोरचा कोण आहे हे विचारायची सोयच नाही. आदेश नीट लिहिलेला असला की तो पाळायचा. तार कारखान्याच्या भिंतीबाहेर जात नव्हती, तोवर यात काही गैर नव्हतं.

2010च्या जूनमध्ये बेलारूसच्या एका कंपनीला एक विचित्र संगणकी किडा सापडला. त्याला पुढे स्टक्सनेट हे नाव मिळालं. हॅम्बुर्गचे राल्फ लँगनर आणि सिमँटेक कंपनीचे तज्ज्ञ यांनी तो उसवून पाहिला. तो विंडोज संगणकांवरून सरकत सरकत सीमेन्सच्या विशिष्ट पीएलसींपर्यंत पोचत होता, आणि त्याचं लक्ष्य होतं इराणमधल्या नतान्झचे युरेनियम समृद्ध करणारे सेंट्रिफ्यूज. त्यांना तो घातक वेगाने फिरवी, आणि त्याच वेळी निरीक्षकांच्या पडद्यावर सारं आलबेल असल्याचे आधी टिपलेले आकडे दाखवी. इराण आणि इंडोनेशियाच्या खालोखाल सर्वाधिक लागण झालेले संगणक सिमँटेकला भारतात आढळले. नेमकी ती रचना नसल्याने इथल्या पीएलसींना तो शिवला नाही.

सात वर्षांनी, 2017च्या ऑगस्टमध्ये, सौदी अरेबियातला एक पेट्रोकेमिकल प्रकल्प अचानक बंद पडला. तिथला ट्रायकोनेक्स हा खास सुरक्षेसाठीचा नियंत्रक होता. दाब किंवा तापमान हाताबाहेर गेलं तर सगळं थांबवणं एवढंच त्याचं काम. तो श्नायडर इलेक्ट्रिकचा, म्हणजे आज मॉडिकॉन ज्या कंपनीकडे आहे तिचाच. घुसखोरांनी त्यातच आपला कार्यक्रम सोडला होता. त्या कार्यक्रमातल्या चुकीने नियंत्रकाला गडबड कळली, त्याने प्रकल्प थांबवला आणि मोठा अनर्थ टळला. तपासात आढळलं, की त्या नियंत्रकावर किल्लीने फिरणारा एक खटका होता. किल्ली ‘रन’वर असती तर बाहेरून कार्यक्रम बदलणं शक्यच नव्हतं. ती ‘प्रोग्राम’वर राहिलेली होती, म्हणजे बदल करायला दार उघडं. त्यानंतर उत्पादकांच्या सूचनांत एक ओळ ठळकपणे येऊ लागली: बदलाचं काम संपलं की किल्ली ‘रन’वर फिरवा, काढून घ्या आणि कॅबिनेटला कुलूप लावा.